ओढा आटला तेव्हा

मॅनहॅटनला चाललेय म्हटल्यावर आमच्या गल्लीत न्यूयॉर्कचीच चर्चा. मी संशोधनासाठी गेले अमेरिकेतल्याच कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटनला. तिथले लोक त्याला 'लिटल ॲपल' म्हणतात. जवळच कोन्झा प्रेअरी हे संशोधनासाठी राखलेलं गवताळ रान आहे, साधारण साडेतीन हजार हेक्टर. फ्लिंट हिल्सची ही जमीन इतकी खडकाळ की नांगर चालला नाही, म्हणून उंच गवत वाचलं. इथे पाणलोटांप्रमाणे तुकडे पाडलेत. कुठे दरवर्षी जाळायचं, कुठे दोन, चार किंवा वीस वर्षांनी. साताऱ्याकडे वणवा लागला की आम्ही विझवायला धावायचो. इथे एप्रिलमध्ये पाठीवर पाण्याची टाकी घेऊन आग लावणाऱ्यांच्या मागून चालायचं. जाळलं नाही तर डॉगवूडची झुडपं आणि सीडरची झाडं गवताला गिळतात.

माझा विषय होता तिथल्या किंग्ज क्रीक या ओढ्यात पाचोळा किती वेगाने कुजतो हा. डॉगवूडची पानं वजन करून जाळीच्या पिशव्यांत भरायची, ओढ्यात बांधायची, ठरलेल्या दिवशी काढून वाळवून पुन्हा वजन. प्रबंध तपासणाऱ्या कमिटीतल्या एका सरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "आणि पाणी नसेल तर?" मी म्हटलं, बघू.

जुलैत बघितलं. चाळीसपैकी सव्वीस पिशव्या कोरड्या गोट्यांवर पडलेल्या, पाच बायसनच्या खुरांखाली चिखलात रुतलेल्या. मी तिथेच दगडावर बसले. चिगर नावाचे बारीक किडे पायाला डसत होते तरी उठवेना.

माझ्या प्रबंधाच्या गाईडबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ओढ्याच्या कडेकडेने वर चालत जा. वर झऱ्याचं पाणी छान वाहत होतं, मधे ते चुनखडीच्या भेगांत गुडूप, आणि खाली परत हजर. मधल्या एका परातीएवढ्या डबक्यात स्टोनरोलर मासे खेटून उभे होते. गोट्यांवरचं शेवाळ त्यांनी पार खरवडून टाकलं होतं. तेव्हा कुठे लक्षात आलं, की 'ओढा आटला' हे वाक्यच ढोबळ आहे. कुठे, कधीपासून, किती दिवस?

मग प्रस्ताव नव्याने लिहिला. पाणी आहे की नाही हे दर पंधरा मिनिटांनी नोंदवणारे छोटे लॉगर (नोंदयंत्रं) बसवले, आणि ओल्या-कोरड्या दिवसांच्या हिशेबाने पाचोळा मोजला. ते वर्ष फुकट गेलं असं मात्र घरी कधी सांगितलं नाही.

डिफेन्समध्ये, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, कमिटीतल्या त्याच सरांनी गाठलं. कोन्झात पाऊस कमी झालेला नाही, तरी ओढ्याचा प्रवाह घटलाय, आणि झुडपांची मुळं खोलवरचं पाणी ओढतात हे मी सांगितलं. "मग प्रयोग म्हणून काठची झाडं तोडून झाली, तरी प्रवाह का परतला नाही?" मी म्हटलं, झुडपं फक्त काठावर नाहीत, उतारभर पसरलीत. त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

दुरुस्त्यांसह पास. प्रबंधातलं ते प्रवाहाचं प्रकरण पुन्हा लिहायला आणखी सहा आठवडे गेले.