पिग्लेटचा आवाज

"मामा, हा तर पिग्लेट बोलतोय!"

रात्री 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पाहत होतो, बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाचा निवाडा करणाऱ्या बारा ज्युरींचा सिनेमा. भाची पाणी प्यायला उठली आणि दारातच थबकली. पडद्यावर ज्युरी क्रमांक 2 बोलत होता. टक्कल, चष्मा, चिरका, घाबरट आवाज.

शोधलं, तर पोरगी बरोबर! जॉन फीडलर. 1968 पासून 'विनी द पू' ह्या कार्टूनमधल्या पिग्लेटला, त्या भित्र्या डुकराच्या पिल्लाला, त्याचाच आवाज होता. हा सिनेमा मी किमान दहा वेळा पाहिलाय. त्यातल्या नायकावर, हेन्री फोंडावर, तासभर बोलू शकतो. ह्या माणसाचं नाव मात्र मला आजवर ठाऊक नव्हतं. त्याची रुखरुख सकाळपासून जात नाहीये.

बुटक्या मुलाने उंच बापाच्या छातीत वरून खाली सुरा कसा मारला, हा प्रश्न सिनेमात हाच ज्युरी काढतो. सगळ्यांत दबलेला माणूस!

'अ रेझिन इन द सन'मध्ये (1961) तोच आवाज अंगावर काटा आणतो. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडे तो येतो. हातात टोपी, बोलणं अगदी अदबीचं. म्हणणं एवढंच, की पैसे घ्या, पण इथे राहायला येऊ नका. ओरडला असता तर इतकं लागलं नसतं.

आवाज तोच, एकदा भित्रा, एकदा गोड विषारी. आणि पोस्टरवर ठळक नाव कायम दुसऱ्याचंच.

चेहरा पक्का आठवतो पण नाव माहीत नाही, असा तुमचा नट कोण? आज त्याचं नाव शोधाल का?