‘पुरेशी शिक्षा झाली’

शिकागोत मी दयेच्या अर्जांचं काम करते. इलिनॉयमध्ये असा अर्ज आधी मंडळापुढे जातो, मंडळ गव्हर्नरकडे गुप्त शिफारस पाठवतं आणि शेवटी सही करायची की नाही हे गव्हर्नर ठरवतो. अर्जात काय लिहायचं तेही बहुतेक ठरलेलंच: माणूस सुधारलाय, बरीच वर्षं भोगली, आता सोडा.

त्या मंगळवारी तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत माझ्या पक्षकाराने मसुदा वाचला. एकोणीस वर्षं आत काढलेला माणूस. पहिल्याच पानावरच्या ‘गुन्ह्याची पुरेशी शिक्षा भोगून झाली आहे’ या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि पेन माझ्याकडे परत सरकवलं.

“गुन्हा मी केलाच नाही. मग पुरेशी कसली?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी परतल्यावर रात्री मी इलिनॉयचा तेव्हाचा गव्हर्नर जॉन पीटर ऑल्टगेल्ड याचं १८९३चं माफीपत्र काढलं. कॉलेजात एकदा वरवर चाळलं होतं, तेवढंच.

४ मे १८८६ला शिकागोतल्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कोणी फेकला हे कधीच कळलं नाही, तरी आठ कामगार पुढारी दोषी ठरले. चौघांना फाशी झाली, एकाने त्याआधीच कोठडीत जीव दिला. फील्डेन, श्वाब आणि नीबी हे तिघे जोलिएटच्या तुरुंगात उरले. ऑल्टगेल्ड गव्हर्नर झाल्यावर शहरातले व्यापारी, बँकर, न्यायाधीशसुद्धा त्यांच्यासाठी रदबदली करू लागले. त्यांचं म्हणणं माझ्या मसुद्यातलंच होतं: दोषी धरले तरी पुरेशी शिक्षा झाली.

तेवढ्यावर सही केली असती तर फारसं कोणी बोललं नसतं. ऑल्टगेल्डने नेमकं तेच कारण नाकारलं. हे खरंच दोषी असतील तर मी हात घालणार नाही, असं त्याने लिहिलं आणि खटलाच उलगडायला घेतला. तो स्वतः न्यायाधीश राहिलेला, कुठे बोट ठेवायचं हे त्याला माहीत होतं. ज्यूरीसाठी ९८१ माणसं तपासली, पण ती चिठ्ठ्या टाकून काढलेली नव्हती, एका बेलिफने, म्हणजे कोर्टाच्या कर्मचाऱ्याने, वेचून आणलेली होती. आपलं मत आधीच बनलंय असं सांगणाऱ्यांनाही न्यायाधीशाने योग्य ठरवलं. नीबीविरुद्ध तर पुरावाच नाही, हे सरकारी वकिलाने स्वतः बोलून दाखवलं होतं. तरी त्याला पंधरा वर्षं! त्या जागी मी वाचायची थांबले. सात वर्षं एक माणूस आत होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

२६ जूनला तिघे सुटले. वर्तमानपत्रांनी ऑल्टगेल्डला अराजकवादी ठरवलं. १८९६ची निवडणूक तो हरला. मला तो फार मोठा माणूस वाटतो. सही सोपी होती, कारणं लिहिणं अवघड होतं.

पहाटे दोनपर्यंत मी मसुदा नव्याने लिहिला. शिक्षेची ओळ काढली आणि साक्षीदाराने फिरवलेली जबानी पहिल्या परिच्छेदात आणली. पुढच्या भेटीत माझ्या पक्षकाराने पहिलं पान दोनदा वाचलं आणि पेन मागितलं.

मंडळाचं उत्तर अजून आलेलं नाही.