तुम्ही विचारलंत म्हणून: मी चेहरा का दाखवत नाही

भाचा विमानतळाच्या दारातल्या कॅमेऱ्याकडे बघतो, चेहरा ओळखून फाटक उघडतं, गेला आत. मी शेजारच्या रांगेत, एका हातात तिकीट, दुसऱ्यात ओळखपत्र. मी आत पोचेपर्यंत त्याचा चहा अर्धा संपलेला असतो. मग तो विचारतो, “मामा, हे डिजियात्रा ॲप घ्या की. तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?” जावई हेच विचारतात, सोसायटीतही हेच विचारतात. उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर नाही ते, म्हणून बसून लिहितोय.

लपवण्यासारखं काही नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस मी. वर्षातून दोनदा मुलीकडे दिल्लीला जातो, महिन्याआड आईकडे सोलापूरला. यात कुणाला रस वाटलाच, तर मला उलट बरंच वाटेल.

डिजियात्रा डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला सुरू झाली, पुण्याला पुढच्या वर्षी आली. ती ऐच्छिक आहे, माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते, विमानतळाकडे गेलेली माहिती विमान सुटल्यावर चोवीस तासांत पुसली जाते, असं चालवणारे सांगतात. चालवणारं कुठलं सरकारी खातं नव्हे, कंपनी आहे. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा खासगी विमानतळांचा. मी त्यांना खोटं ठरवत नाही. माझं अडतं ते ‘ऐच्छिक’ या शब्दापाशी. ऐच्छिक गोष्टींचं पुढे काय होतं, ते मी नोकरीभर काउंटरच्या आतून बघितलंय.

फास्टॅगचंच बघा. आधी नुसती सोय होती, लावला तर लावला. फेब्रुवारी २०२१ पासून नसेल तर दुप्पट टोल. (आता यूपीआयने भरलात तर सव्वापट, म्हणजे कृपाच.) रेल्वेच्या साइटवर तत्काळचं तिकीट काढायचं, तर जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी झालेली हवी. कुणी कुणाचा रस्ता अडवला नाही. नको म्हणणाऱ्याला तो जरा महाग आणि जरा लांब करून दिला, इतकंच.

एक गंमत सांगतो. माझ्या गाडीचा फास्टॅग मुलाने काढून दिला, त्यामुळे टॅगला मोबाइल नंबरही त्याचाच. दोन वर्षांपूर्वी आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला कुणाला न सांगता सोलापूरला निघालो. पाटसला टोल कापला गेला, मुलाच्या फोनवर मेसेज. सरडेवाडी, मेसेज. वरवड्याला पोचेपर्यंत त्याने घरच्या ग्रुपवर माझं धावतं समालोचन सुरू केलं होतं. सावळेश्वर ओलांडलं तेव्हा तिकडे आईने भाकरी थापायला घेतली. दारात उभा राहिलो तर म्हणते, “इंदापूरच्या पुढं एवढा वेळ कुठं थांबला होतास रे?”

खूप हसलो सगळे. परत येताना मात्र त्याच चार नाक्यांवर डोक्यात दुसरंच आलं. नवऱ्याच्या नावावरची गाडी घेऊन एखादी बाई रात्रीची माहेरी निघाली असेल, तर तिचेही चार मेसेज जातात, आणि नेमके त्याच्याच फोनवर. ती कुठवर आली हे तिच्या आईच्या आधी त्याला कळतं. तिच्याकडे लपवण्यासारखं आहे, आणि त्यात तिचा काही गुन्हा नाही.

सोलापूरचा असल्यामुळे आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्या गावात ‘सेटलमेंट’ म्हणून भाग आहे. बाहेरच्या माणसाला नावात काही वाटत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढे त्यांतल्या लोकांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर. माझ्या वर्गातल्या एकाचे आजोबा त्यानंतरही गावाला निघाले की कुणाला तरी सांगून निघायचे. विचारणारं कुणी उरलं नव्हतं, तरी.

भाचा म्हणतो, ते इंग्रजांचं राज्य होतं. मग खरक सिंगचं काय? उत्तर प्रदेशातला माणूस. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी पाळत ठेवली. रात्री येऊन दार ठोठवायचे, गाव सोडून जायचं तर चौकीदाराला सांगावं लागायचं. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रात्रीचं येणं बंद केलं, पण नुसती नजर ठेवल्याने फिरण्याच्या हक्काला धक्का लागत नाही, असंही ठरवलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना ते पटलं नाही. पाळतीच्या सावलीत फिरणाऱ्याचं फिरणं मोकळं नसतं, असं त्यांचं म्हणणं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगायला २०१७ उजाडलं. पुढे २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, आणि सरकारने आपल्याच यंत्रणांना त्यातून वगळायची वाटही त्याच कायद्यात ठेवली.

खरक सिंगवर नजर ठेवायला चौकीदार लागत होता. त्याला पगार लागायचा, झोप लागायची, म्हणून पाळत मोजक्याच लोकांवर परवडायची. आता तो खर्च जवळजवळ उरलेला नाही. यादीत माझं नाव पहिलं नसेल हे मला ठाऊक आहे. ज्यांचं असेल, त्यांचे आजोबा मला आठवतात.

म्हणून कागद घेऊन रांगेत उभा राहतो. रांग चालू राहायला तिच्यात माणसं दिसावी लागतात. आमच्या शाखेत स्लिप भरून पैसे काढणारे कमी झाले, तेव्हा ती खिडकी बंद करावी अशी टिपणी माझ्याच सहीने वर गेली होती.

फास्टॅगवरचा नंबर अजून मुलाचाच आहे. बदलायला बसलो होतो एकदा. ओटीपी त्याच्या फोनवर गेला.