माझ्या नावावर कुणीतरी मत देऊन गेलं, त्यानंतर

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. मी केंद्रावर पोचायच्या आधीच यादीत माझ्या नावावर लाल रेघ पडलेली होती, म्हणजे कागदोपत्री मी मत देऊन घरी गेलेली होते. पुढे वर्षभर या रेघेपायी जे अर्ज केले, त्यांचा हा हिशेब. मतदारसंघाचं, कार्यालयांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसं बहुतेक ठिकाणी बरी वागली. घोडं अडलं ते नियमांपाशी, आणि नियम सगळीकडे तेच आहेत.

दुपारची वेळ, रांग बऱ्यापैकी. मोबाइल आत नेता येत नाही म्हणून तो नवऱ्याकडे दिलेला. पहिल्या टेबलावरच्या सरांनी माझ्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक पाहिला, यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं झालंय की."

"कसं झालंय? मी आत्ता येतेय."

"यादीत झालंय."

मी डाव्या हाताची तर्जनी त्यांच्यापुढे धरली. शाईचा ठिपकाही नाही. त्यांनी बोटाकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, आणि दोन्हींत यादी खरी धरली. भिंतीकडेला बाकावर पक्षांचे प्रतिनिधी बसले होते. त्यातला एक आमच्याच गल्लीतला. तो म्हणाला, "वहिनी, होतं असं कधीकधी. पुढच्या वेळी जरा लवकर या."

इथून बहुतेक लोक घरी जातात. मी गेले नाही याचं श्रेय आमच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं. त्यांनी आयुष्यभर निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, केंद्राध्यक्ष म्हणूनही बसले. जिन्यात भेटले की निवडणुकीचे किस्से ठरलेले, आणि त्यात एक वाक्य हमखास: "मत झालंय म्हणाले तर हलायचं नाही, सतरा-ब मागायचा." मी केंद्राध्यक्षांच्या टेबलापाशी गेले आणि तेच म्हटलं. मला प्रदत्त मत द्यायचंय, नमुना १७-ब काढा. त्यांच्या चेहऱ्यावरून प्रकाश पडला नाही, तेव्हा "टेंडर व्होट" म्हटलं. मग पडला.

हा १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-पी. तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल, तर केंद्राध्यक्ष तुम्हाला ओळख पटवणारे प्रश्न विचारतात. उत्तरं पटली की तुम्हाला मत देता येतं, पण यंत्रावर नाही, कागदावर. केंद्राध्यक्ष बाहेरच्या तालुक्यातले शिक्षक होते, आदल्या दिवसापासून केंद्रावरच मुक्कामाला. यापूर्वी त्यांनी हे कधी केलेलं नव्हतं आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. पिशवीतून हस्तपुस्तिका काढली, पान शोधलं, झोनल अधिकाऱ्यांना फोन लावला. मागे रांगेतून "अहो, काय चाललंय, आम्हाला कामं आहेत" सुरू झालं. मघाचाच प्रतिनिधी पुन्हा म्हणाला, "वहिनी, ते मत मोजतसुद्धा नाहीत." तो खरंच बोलत होता, त्याकडे नंतर येते.

नवऱ्याचं नाव, वय, घर नंबर, घरात मतदार किती, असे प्रश्न झाले. ओळखपत्रावरचा फोटो माझ्याशी ताडून पाहिला. १७-ब वर, म्हणजे अशा मतांच्या यादीवर, सही घेतली. प्रत्येक केंद्राला अशा २० मतपत्रिका दिलेल्या असतात. आमच्या केंद्रावरचा गठ्ठा तोवर कुणी उघडलेलाच नव्हता. कागद यंत्रावर चिकटवतात तसलाच, तीच नावं, तीच चिन्हं. मागे 'प्रदत्त मतपत्रिका' असा शिक्का नसेल तर केंद्राध्यक्षाने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. सरांनी पुस्तिकेत बघून एकेक अक्षर लिहिलं, खाली सही केली. मग फुलीचा तो रबरी शिक्का हातात दिला. कॉलेजात असताना पहिल्या मतदानाला मारला होता, तसाच. शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून घडी उभी घालायची, हे हाताला अजून आठवत होतं. कागद वेगळ्या पाकिटात गेला. माझ्याआधी तिथे असं मत कुणी दिलं नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी आलं नाही तर त्या पाकिटात माझा एकटीचाच कागद राहणार होता. तो कुणी उघडला तर मत गुप्त राहणार कसं, हे मला बाहेर आल्यावर सुचलं.

आता त्या मताचं होतं काय? मोजणीच्या दिवशी काहीही नाही. माझ्या नावावर जे मत आधी यंत्रात पडलं तेच मोजलं जातं, माझा कागद पाकिटात राहतो. निकालाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि फरक अगदी थोडा असला, तरच त्या पाकिटाला किंमत येते. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला तसं झालं होतं. सी. पी. जोशींना ६२,२१५ मतं पडली, कल्याणसिंह चौहानांना ६२,२१६. एका मताने आमदारकी गेली, आणि मग हीच प्रदत्त मतं कशी धरायची यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्याकडे फरक पाच आकडी होता. पाकीट उघडायचं काही कारणच उरलं नाही.

मत मोजलं जाणार नाही हे मी एकवेळ सोडून दिलं असतं. मला जाणून घ्यायचं होतं की माझ्या नावावर आलं कोण. हा बोगस मतदानाचाच प्रकार होता असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. हजारभर नावांची यादी, त्यात माझ्या नावाची आणि आडनावाची आणखी एक बाई दोन पानं सोडून आहे. कुणाची तरी रेघ घसरली असणं सहज शक्य आहे. पण तसं असेल तर त्या बाईचं नाव यादीत कोरं राहिलं असणार, आणि नोंदवहीत माझ्या अनुक्रमांकापुढे तिची सही असणार. शाई लावण्याच्या टेबलावर प्रत्येकाची सही किंवा अंगठा घेतात, तो नमुना १७-अ. ते एक पान पाहिलं की चूक होती की लबाडी, पाच मिनिटांत कळलं असतं.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार दिली, आवकचा शिक्का घेतला. काही दिवसांनी उत्तर आलं: आपण प्रदत्त मताचा हक्क बजावलेला असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. वाचून मला हसू आलं. चोरी झाली, पण तुम्ही पंचनामा करून घेतलात ना, मग विषय संपला. पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. तोतयेगिरी करून मत देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७२ चा गुन्हा आहे आणि कलम १७४ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. हवालदार सज्जन होते. म्हणाले, "ताई, आरोपी अज्ञात, पुरावा त्या वहीत, आणि वही सीलबंद. आम्ही काय करणार?"

मग माहितीच्या अधिकारात अर्ज, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. १७-अ मधल्या फक्त माझ्या नोंदीची प्रत द्या, एवढंच मागितलं. नकार आला, त्याच १९६१ च्या नियमांतला नियम ९३. ही नोंदवही सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही. नकार चुकीचा नव्हता, नियमात तसंच आहे. कुणी मत द्यायला आलं आणि कुणी नाही, हे वाटेल त्याला बघता येऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण माझ्याच नावापुढची सही मलाच बघता येऊ नये, यात कुणाची गुप्तता राखली जाते?

आमच्या खोलीत वेबकास्टिंगचा कॅमेरा होता, म्हणून त्या दिवसाच्या चित्रणासाठी दुसरा अर्ज केला. तो अर्ज टेबलावर असतानाच २० डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून नियम ९३ बदलला. हरियाणाच्या निवडणुकीचं चित्रण एका वकिलाला द्यावं, असा पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा आदेश त्याच महिन्यात आला होता, त्यानंतर काही दिवसांतच. बदलानंतर फक्त नियमांत नमूद केलेली कागदपत्रंच लोकांना पाहता येतात, चित्रण त्यात नाही. कोण आलं, कोण नाही हे चित्रणावरून ओळखून मतदारांवर दबाव येईल, असं आयोगाचं म्हणणं. पुढे ३० मे २०२५ च्या पत्रात आयोगाने सांगितलं की निकालानंतर ४५ दिवसांत याचिका झाली नाही, तर चित्रण नष्ट करता येईल.

हे ४५ दिवस कुठून आले? निवडणूक याचिकेची मुदत तेवढीच आहे. निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे ७ जानेवारी २०२५ पर्यंत. याचिका साधा मतदारही करू शकतो, अनामत अवघी दोन हजार रुपये. हे मी ती मुदत संपायच्या आतच वाचलं होतं, तेव्हा हुरूप आला आणि एका ओळखीच्या वकिलांना गाठलं. त्यांनी चहा पाजला आणि हवा काढली. माझ्या एका मतामुळे निकाल बदलला असता असं दाखवायला हवं, नाहीतर याचिका पहिल्याच तारखेला उडते. पाच आकडी फरकाला एक मत घेऊन कुठे जाणार?

त्या दिवसांत माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी रोज बातम्यांत होतं. गावाला आपल्या केंद्रावरचे आकडे पटले नाहीत, म्हणून ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर आपलं आपण पुन्हा मतदान घेऊन पाहायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आणले, मतदान झालंच नाही. गंमत म्हणजे त्या मतदारसंघात गावाच्या पसंतीचेच उत्तम जानकर निवडून आले होते. गावाला आमदार बदलायचा नव्हता, पडताळा हवा होता. मला त्यांचं म्हणणं तेव्हा फार जवळचं वाटलं.

या सगळ्यात एक कागद मात्र कुणाच्या परवानगीशिवाय मिळाला, आणि ज्याला असा अनुभव आला असेल त्याने तो जरूर उघडावा. नमुना २०, म्हणजे केंद्रनिहाय निकालपत्रक. ते संकेतस्थळावर असतं. कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं, नोटा किती, आणि अगदी शेवटच्या रकान्यात प्रदत्त मतं. आमच्या केंद्रापुढे १ होता. तो १ म्हणजे मी. पान खाली सरकवत गेले तर आणखी काही केंद्रांपुढे एक-दोन असे आकडे होते, बाकी सगळीकडे शून्य. ते शून्य मला पटत नाही. आमच्याच इमारतीतल्या एका मावशींना २०१९ मध्ये "तुमचं झालंय" म्हणून परत पाठवलं होतं. त्या गुपचूप घरी आल्या. त्यांची नोंद कुठल्याच नमुन्यात नाही. या रकान्यात फक्त हट्टाने उभे राहिलेले दिसतात, आणि उद्या कुणी अधिकारी म्हणेल की बघा, तक्रारी किती कमी आहेत.

१ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत मतदारयाद्यांवरून विरोधी पक्षांचा 'सत्याचा मोर्चा' निघाला, फॅशन स्ट्रीटपासून महापालिका मुख्यालयापर्यंत. मी गेले. कुठल्या पक्षाची म्हणून नाही. लोकसभेला महाविकास आघाडीच्या ४८ पैकी ३० जागा आल्या तेव्हा याद्या बऱ्या होत्या का, हा सत्ताधाऱ्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पण मतदारयादीतला घोळ कुणाच्या पथ्यावर पडला यावरून तो घोळ आहे की नाही हे ठरत नाही. गर्दी प्रचंड होती. भाषणं दुबार नावांवर, लाखांच्या आकड्यांवर. शेजारी चालणाऱ्या बायकांना मी १७-ब बद्दल सांगितलं. एकीने ते तिथेच हातावर पेनाने लिहून घेतलं. व्यासपीठावरून कुणीतरी एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

महापालिकेच्या प्रारूप याद्या २० नोव्हेंबर २०२५ ला लागल्या. मी त्याच आठवड्यात मास्तरांना बरोबर घेऊन आमच्या प्रभागाची यादी चाळली. माझ्या नावाच्या दुसऱ्या बाई तिथे होत्याच. दोघींपुढे दुबारचे दोन तारे, म्हणजे एकच बाई दोनदा नोंदली असल्याचा संशय. आम्ही दोन वेगळ्या बायका आहोत हे लेखी देण्यासाठी मी त्यांचा पत्ता शोधून काढला. दार त्यांनीच उघडलं. गेल्या विधानसभेला मत दिलं होतं का, हे विचारायचं मनात होतं, आणि मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो, तेव्हा मी गावी होते." म्हणजे रेघ घसरल्याची शक्यता माझ्यापुरती संपली. अर्थात हा काही पुरावा नव्हे.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान साडेसातला सुरू झालं. मी रांगेत पुढेच होते. मत यंत्रावर दिलं.

नोंदवहीसाठी केलेलं पहिलं अपील फेटाळलं गेलं होतं, दुसरं अजून प्रलंबित आहे. अशी पाकिटं वर्षभर ठेवायची आणि नंतर नष्ट करायची, असं नियम ९४ सांगतो. म्हणजे ती वही आता बहुधा राहिलेलीच नाही. मास्तर म्हणतात, अपील मागे घे, उगाच हेलपाटा. मी घेतलेलं नाही. तारीख लागली की जाणार आहे, आणि वही नष्ट केली असेल तर कोणत्या दिवशी, कुणाच्या सहीने, हे लेखी मागणार आहे.