जुना डिशवॉशर पुन्हा चालू करताना

जुना डिशवॉशर हाती आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो मी आवरला. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या मशीनमध्ये पंपाच्या शाफ्टवरचं सील चिकटून बसलेलं असतं. अशा वेळी वीज दिली तर मोटर नुसतीच घुमते, तापते, आणि वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जळलं की खेळ खलास. म्हणून आधी खालचं पॅनेल काढलं आणि मोटर हातानं फिरवून पाहिली. हलेना. टाकीच्या तळाशी कोमट पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी जरा जोर लावल्यावर ‘कट्’ असा आवाज झाला आणि मोटर मोकळी झाली.

मग हीटर. त्याच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि मशीन बंद पडून राहिलं की ती ओल धरते आणि त्या ओलीतून वीज बाहेरच्या नळीत झिरपते. विजेची ही गळती साध्या मल्टिमीटरला बऱ्याचदा दिसतच नाही, कारण तो जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर, ५०० व्होल्ट लावतो, तेव्हा खरं काय ते कळतं. हीटर सोडवला, रबरी वायसर काढले आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर काही तास वाळवला. पुन्हा मोजलं तर रीडिंग छान वर गेलं होतं. नवा हीटर शोधण्याची वणवण वाचली.

सगळ्यात रमलो ते टायमरमध्ये. या मशीनमध्ये सर्किट बोर्ड नाहीच. एक इवलीशी सिंक्रोनस (ठरलेल्या एकाच वेगानं फिरणारी) मोटर, तिच्यापुढे गिअर आणि शेवटी प्लास्टिकचे कॅम, म्हणजे कडेला उंचवटे असलेली चाकं. कॅमचा उंचवटा आला की पितळी पट्टी उचलली जाते, कॉन्टॅक्ट जुळतो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह, पंप किंवा हीटर चालू होतो. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता सापडला आणि काम निम्मं झालं. आडव्या रांगेत टप्पे, उभ्या रांगेत कॉन्टॅक्ट, आणि जिथे जुळणी तिथे काळा चौकोन. टायमर एकेक टप्पा पुढे ढकलत मल्टिमीटरनं प्रत्येक चौकोन तपासत गेलो. बाकी सगळे चोख, पण हीटरचा कॉन्टॅक्ट काळाठिक्कर. तसा तो असायचाच, सगळ्यात जास्त करंट त्याच्यातूनच जातो. सँडपेपर लावला नाही, वरचा चांदीचा थर पातळ असतो. जाड कागदाच्या पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला आणि ती पट्टी दोन टोकांमधून ओढली, काळं निघणं थांबेपर्यंत.

दाराचं गॅस्केट, पाण्याचा पाइप, व्हॉल्व्हची जाळी ही किरकोळ कामं. मोटरचा कॅपॅसिटर मात्र न बघता बदलला, तो जुना ठेवण्यात काही शहाणपण नाही. आणि बाहेरून गुंडाळलेल्या इन्सुलेशनला हात लावला नाही. त्या काळच्या काही उपकरणांत ॲस्बेस्टॉस असायचं, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक. खरवडून खात्री करून घेण्याची हौस नको.

मशीन सुरू झालं, आवाज झकास, गळती नाही. पण भांडी बाहेर काढली तर त्यांच्यावर पांढुरकी साय! इथे मशीनचा दोष नव्हता. हे मशीन बनलं तेव्हा डिटर्जंटमध्ये भरपूर फॉस्फेट असायचं. ते पाण्यातले क्षार धरून ठेवायचं. पुढे नदी-तळ्यांत शेवाळ माजतं म्हणून ते हटवलं गेलं: अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत २०१० पासून, युरोपीय संघात २०१७ पासून. आजच्या पावडरीतली एन्झाइम्स चांगली आहेत, पण त्यांना वेळ लागतो, आणि माझ्या मशीनची मुख्य धुलाई आटोपशीर. शिवाय ते गरम पाण्याच्या नळाला जोडायचं मशीन आहे; पाणी साधारण ६० अंशांचं येणार हे त्यानं गृहीत धरलंय. आतला हीटर ते फक्त टिकवून धरतो.

उपाय टायमरनंच दिला. आधी नळ सोडून पाणी गरम येऊ देतो, मग मशीन लावतो. मुख्य धुलाई सुरू झाली की थोड्या वेळानं टायमरच्या मोटरची एक तार तोडणाऱ्या, मीच बसवलेल्या स्विचनं टायमर थांबवतो. पंप आणि हीटर चालू राहतात आणि एन्झाइम्सना हवा तेवढा वेळ मिळतो. टॅब्लेटपेक्षा सुटी पावडर बरी, प्रमाण हातात राहतं. शेवटच्या धुण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकलं की साय गायब.

भांडी रचण्याकडेही आता नीट लक्ष देतो. जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रापासून मूळ कल्पना तीच आहे: भांडी जागेवर राहतात, घासण्याचं काम पाण्याचा जोर करतो. माझ्या मशीनला एकच स्प्रे आर्म (पाणी फवारणारा फिरता दांडा) आहे, तोही खाली. मोठी परात मध्ये आडवी घातली की वरचे पेले कोरडेच.

पाणी ते जास्त पितं, हे मान्य. आजची मशीन्स १०-१२ लिटरमध्ये भागवतात, हे प्रत्येक टप्प्याला नवं पाणी घेतं. म्हणून अर्धवट भरलेलं असताना लावत नाही. आणि पाइप फुटला तर पाणी आपोआप बंद करणारी सोय यात नाही, त्यामुळे मशीन चालू असताना घराबाहेर पडत नाही आणि धुलाई संपली की नळाचा कॉक बंद करतो.