मामाच्या छातीवरचं सन्मानचिन्ह

आज 1 मे. सकाळी पोलीस कवायत मैदानावर ध्वजारोहणानंतर आमच्या मामाला पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह मिळालं. सलग 15 वर्षं उत्तम सेवाभिलेख, म्हणून. मामा हवालदार आहे. पालकमंत्र्यांनी गणवेशावर चिन्ह लावलं, मामाने कडक सॅल्यूट ठोकला आणि वळला. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल.

पण मी बघत होतो मामीकडे. नव्या साडीचा पदर तोंडाशी धरून ती रडत होती. लग्नानंतर किती दिवाळ्या तिने मुलांना एकटीने अभ्यंगस्नान घातलंय, किती गणपतींत मामा घरच्या आरतीला नव्हता, हे आम्हाला माहीत आहे. विसर्जनाच्या बंदोबस्तावरून पहाटे यायचा, बूट काढले की पाय सुजलेले असायचे. मामी मिठाच्या गरम पाण्याची बादली तयार ठेवायची.

मला वाटतं, मैदानावर घरच्यांनाही पुढे बोलवायला हवं.

घरी आल्यावर मामाने चिन्ह आधी देव्हाऱ्यात ठेवलं. शेजारच्या भिंतीवर तुकाराम ओंबळेंचा फोटो आहे, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं त्या 2009 सालापासून तिथेच. मामाने त्यालाही हात जोडले. मग जेवला, आणि चारला परत ड्युटीवर गेला.