सहा जूनचा सूर्यास्त, एकवीस जानेवारीला

मी घेतला जुना जीपीएस, पण खरं तर मला हवा होता सॅटेलाइट फोन. माझा भाचा ओंकार मर्चंट नेव्हीत आहे. २०२३च्या दिवाळीआधी त्याचं जहाज दुबईला लागलं होतं, तेव्हा मी त्याला म्हटलं, येताना एखादा जुना सॅटफोन बघ. सह्याद्रीत निम्म्या घळींमध्ये रेंज नसते, असला तर बरा.

"मामा, माझी नोकरी घालवतोस का?"

त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे थुराया आणि इरिडियम या उपग्रह कंपन्यांचे फोन बाळगायलाच बंदी आहे, मग ते वापरा नाहीतर बॅगेत ठेवा. चालतो तो इनमारसॅटवरचा, तोही दूरसंचार खात्याची परवानगी काढून. ट्रेकर लोकांची ती मेसेज पाठवणारी छोटी यंत्रं इरिडियमवर चालतात, म्हणजे तीही गेली. ती आणणारे परदेशी पाहुणे आपल्या विमानतळांवर अडकल्याच्या बातम्या येतच असतात. २६/११च्या तपासात अतिरेक्यांनी वापरलेल्या 'कुबेर' बोटीवर थुराया फोन सापडला होता, हे आठवलं की एवढी कडक नजर का, ते कळतं.

सुट्टीवर आल्यावर मात्र ओंकारने नेरूळच्या घरी बसून मला या विषयाचा तासच घेतला. इरिडियमचे ६६ उपग्रह जमिनीपासून जेमतेम ७८० किलोमीटरवरून फिरतात. एक उपग्रह डोक्यावरून दहाएक मिनिटांत निघून जातो आणि बोलणं पुढच्याकडे सोपवतो. दरीत उभं राहिलात तर पुढचा दिसेपर्यंत फोन कट. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटरवर एका जागी, म्हणून तिथे अँटेना बरोबर त्या दिशेला धरावी लागते, आड डोंगर आला की संपलं. जुना फोन घेतला तर बॅटरीचीही अडचण येते, हेही त्याने सांगितलं. "आणि मामा, सॅटफोन बोलतो. जीपीएस नुसता ऐकतो. तुला ऐकणारं यंत्र पुरेल."

ऐकणारं यंत्र आमच्याच इमारतीत निघालं. ठाण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वीसेक वर्षांपूर्वी एक हातात मावणारा पिवळा जीपीएस घेतला होता. आता गुडघे गेले, यंत्र कपाटात. मी मागितल्यावर म्हणाले, "दीड हजार दे. फुकटची वस्तू कोणी नीट वापरत नाही."

झाकण उघडलं तर आत पेन्सिल सेल फुटून हिरवी बुरशी धरलेली. लिंबाचा रस, जुना टूथब्रश, शेवटी खोडरबर. स्प्रिंगला पहिली चमक आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि बायकोने दोनदा विचारलं होतं की लिंबं कुठे गेली. नवे सेल घातले. स्क्रीन लागली. गच्चीवर नेलं, तर अर्धा तास नुसतं शोधत बसलं. चारी बाजूंनी टॉवर, सिग्नल भिंतींवर आपटून येतात. शिवाय वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राला आकाशात कोण कुठे आहे याचा पत्ताच नसतो. उपग्रहांचं सगळं पंचांग उतरवून घ्यायलाच साडेबारा मिनिटं लागतात, तीही आकाश मोकळं असेल तर. दुसऱ्या सकाळी उपवन तलावाच्या काठावर ठेवलं आणि चालायला गेलो. एक फेरी मारून येतो तो पाच उपग्रह धरून बसलेलं.

तारीख मात्र २००४ची. घाबरू नका, यंत्र बिघडलेलं नसतं. जीपीएसचे उपग्रह आठवड्याचा आकडा पाठवतात, आणि तो १०२३ पर्यंत गेला की पुन्हा शून्यावर येतो. १९९९ आणि २०१९ साली असं झालं. जुन्या यंत्राला हा फेरा कळत नाही, ते १०२४ आठवडे मागे राहतं. वार बरोबर, वेळ बरोबर, वर्ष भलतंच. हाताने दुरुस्त करता येत नाही, कारण तारीख वरून येते. मी ते सगळ्यांना गंमत म्हणून सांगत सुटलो होतो.

२१ जानेवारी २०२४, रविवार. मी आणि ओंकार पहाटेच्या कसारा लोकलने आसनगावला उतरलो. माहुली. ठाणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, २,८१५ फूट. प्लॅटफॉर्मवर ओंकारने स्क्रीन बघितली आणि ओरडला, "मामा, आज सहा जून! राज्याभिषेक!" आम्ही तिथेच हात जोडले. शहाजीराजे लहानग्या शिवबाला घेऊन निजामशाहीसाठी याच गडावर शेवटचे लढले, १६३६ साली. त्या मानाने तारीख अगदीच काही चुकली नव्हती.

पायथ्याच्या माहुली गावापर्यंत रिक्षा, मग जंगल. हा सगळा भाग तानसा अभयारण्यातला. साग, ऐन, आणि पायाखाली एवढा पाचोळा की बोलणं ऐकू येईना. वाटेतल्या शिडीची जागा मी घरी मोबाईलवरून आकडे उतरवून यंत्रात भरली होती. काकांनी साठवलेला शिडीचा जुना पॉइंटही तसाच होता. दोन्ही शिड्या एकमेकींपासून शंभरेक मीटर लांब! माझी शिडी बघायची तर झाडीत घुसायला हवं होतं.

घुसलोही. करवंदीच्या जाळीने दोघांचे हात ओरबाडल्यावर खाली बसून सेटिंग तपासली. काका सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा वापरायचे, ४७ ई. ते नकाशे 'एव्हरेस्ट' नावाच्या पृथ्वीच्या जुन्या मापावर काढलेले, म्हणून यंत्रही त्यांनी 'इंडियन' डेटमवर ठेवलेलं. मोबाईलचे आकडे डब्ल्यूजीएस ८४चे, म्हणजे जीपीएसच्या स्वतःच्या मापाचे. पृथ्वी तीच, मोजायची फूटपट्टी वेगळी. म्हणजे काकांचे पॉइंट बरोबर आणि माझे सगळे सरकलेले. जुनं यंत्र घेणाऱ्याने सर्वात आधी हे बघावं. मी बघितलं नव्हतं.

वर पोचायला अकरा वाजले. महादरवाज्यातल्या देवड्या, पाण्याची टाकी, मग माहुलीच्याच भंडारगड या भागाच्या टोकापर्यंत. तिथून नवरा, नवरी, भटजी हे सुळके आणि खाली तानसाचं पाणी. तिथून हलवेना. थेपले, मग डुलकी. साडेचारला ओंकार म्हणाला, निघू या का? मी यंत्रावर सूर्यास्त बघितला. सव्वासात. उतरायला अडीच तास धरले तरी उजेडात खाली. म्हटलं, आणखी अर्धा तास.

उतरायला लागलो तेव्हा ऊन असं तिरपं झालं होतं की मला काहीतरी खटकलं, पण यंत्र हातात होतं ना. शिडी उतरलो आणि ओंकार थांबला. जहाजावरचा माणूस, त्याला आकाश कळतं.

"मामा, हा सूर्यास्त कुठल्या तारखेचा?"

पोटात गोळा आला. यंत्र सूर्यास्त मोजतं तारखेवरून. त्याच्या लेखी जून होता. जानेवारीत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आतच बुडतो. गंमत म्हणून सांगत फिरलेल्या तारखेने आमचा पाऊण तास खाल्ला होता.

पुढचं फार रंगवत नाही. दोघांत एक हेडटॉर्च. साडेसहानंतर झाडीत मिट्ट काळोख, आणि पाचोळ्यामुळे वाट कुठली आणि ओढा कुठला ते कळेना. मोबाईल होता, त्यातही जीपीएस असतो हे मला ठाऊक आहे, पण दिवसभर फोटो काढून तो चार टक्क्यांवर आला होता. मग ज्याने फसवलं त्यालाच हातात धरलं. सकाळपासून त्याने आमची वाट आखून ठेवली होती, ठिपक्या-ठिपक्यांची. ठिपका सुटला की दहा पावलं मागे, पुन्हा बाण सरळ होईपर्यंत इकडेतिकडे. या यंत्रात कंपास नाही, चालत राहिलं तरच बाण दिशा दाखवतो. उभं राहून विचार करायची सोयच नाही.

गावाजवळ काकांचा आणखी एक पॉइंट होता. नाव: 'चहा'. म्हटलं, हाच धरू. बाण बरोबर एका घराच्या अंगणात नेऊन थांबला. टपरी कुठेच नाही. ओट्यावर एक मावशी तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, इथे चहाची टपरी होती का?"

"सासऱ्यांची व्हती. कवाच मोडली. तुमाला कुनी सांगितलं?" आमचे अवतार बघून त्या उठल्या. "बसा. दूध नाय, कोरा चालंल का?"

आसनगावला लोकलची वाट बघताना फोन करून काकांना कळवलं की पोचलो, आणि चहा मिळाला.

"टपरी आहे अजून?"

"टपरी नाही. पण चहा मिळाला. मावशी पैसे घेत नव्हत्या, बळेच वीस ठेवले."

"दोन चहाचे वीस?" काका म्हणाले. "आम्ही दोन रुपयांत प्यायचो रे."